मसणवटीतले उभे दगड

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा संपादक मंडळाचा निरोप आला. बाकीचे सगळे शाळेच्या आठवणी लिहिणार, सरांच्या छडीबद्दल आणि डब्यातल्या नागलीच्या भाकरीबद्दल लिहिणार, हे ठाऊक होते. म्हणून मी इतिहासाचा विषय घेतला. हा इतिहास आपल्या पुस्तकात नव्हता. तो शाळेपासून पंधरा मिनिटांच्या चालीवर उभा होता आणि आपण रोज त्याच्या बाजूने पळत जात होतो.

जामसरच्या अंगाने शाळेकडे येणारी पायवाट आठवा. ओहोळ ओलांडला की डाव्या हाताला मोहाची दोन मोठी झाडे, त्यांच्यामागे थोडी चढण आणि चढणीवर मसणवट. तिथे एका कडेला काळ्या पाषाणाचे दगड उभे होते. कोणी कमरेएवढा, कोणी गुडघ्याएवढा, एकदोन पार कललेले. आपण तिथून जाताना बोलणे थांबवत असू. जो आधी बोलेल त्याच्या पाठीशी दगड लागतो, असा नियम कोणी केला होता देव जाणे. ते पांडवांनी एका रात्रीत रोवले, असे कोणी सांगे. त्यांच्याखाली सुरतेच्या लुटीचे धन पुरले आहे, असे दुसरा सांगे. अमावास्येला ते जागा बदलतात, असे तिसरा सांगे, आणि हा तिसरा बहुतेक मीच असे.

पुढे नोकरीसाठी मी बोरिवलीला राहायला गेलो. तिथे एका रविवारी सोबतच्या एकाने एकसरचे वीरगळ पाहायला नेले. बोरिवलीच्या गर्दीत, इमारतींच्या मध्ये, माणसापेक्षा उंच कोरीव दगड उभे होते. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात या जागी सहा दगड असल्याची नोंद आहे. त्यावर जमिनीवरची लढाई आहे, हत्ती आहेत आणि विशेष म्हणजे गलबते आहेत. वल्ह्यांच्या रांगा लावलेली गलबते एकमेकांवर चालून जात आहेत आणि माणसे पाण्यात पडत आहेत. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात १२६५ च्या सुमारास समुद्रावर लढाई झाली, सोमेश्वर बुडाला आणि शिलाहारांचे राज्य संपले. ते युद्ध या दगडांवर कोरले असावे, असे बरेच अभ्यासक मानतात. काहींच्या मते हे दगड त्याहून जुने आहेत.

त्या दगडांपुढे उभे राहून मला मोहाच्या झाडामागचे आपले दगड आठवले. तेही कोणीतरी कोरलेले होते. त्यावरही काहीतरी होते. पण आपण कधी जवळ जाऊन पाहिले नाही. तेव्हापासून सुट्टीत गावी आलो की थोडे थोडे पाहत गेलो. आज जे लिहितो आहे ते त्या पाहण्यातून आणि वाचण्यातून जमलेले आहे.

महाराष्ट्रात उभ्या दगडांची भाषा एकच नाही. ती आधी वेगळी करून घ्यावी लागते, नाहीतर प्रत्येक दगड वीरगळ वाटू लागतो.

सगळ्यात जुने म्हणजे विदर्भातले. नागपूरजवळ जुनापाणी इथे माळावर मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. ती लोहयुगातल्या माणसांची दफने आहेत, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. आत मृताबरोबर ठेवलेली लोखंडी हत्यारे आणि मडकी निघतात. तिथे दगडावर चित्र नसते, फार तर वाटीसारखे खळगे कोरलेले असतात.

दुसरा प्रकार वीरगळ. लढाईत किंवा गावची गुरे सोडवताना मेलेल्या माणसाची ही शिळा. ती खालून वर वाचायची असते. तळाच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर. गुरांसाठी मेला असेल तर बाजूला गाईगुरे. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेताना दिसतात. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर कलश आणि दोन बाजूंना सूर्य-चंद्र. सूर्य-चंद्र आहेत तोवर याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. बाईच्या बांगड्या भरलेल्या हाताची शिळा दिसली तर ती सतीशिळा.

तिसरा प्रकार आपल्या कोकणात विशेष, तो गधेगळ. शिलाहारांच्या काळात राजाने जमीन दान दिली की असा दगड रोवत. वर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा लेख आणि खाली गाढव व स्त्री यांचे चित्र. हे दान जो मोडेल त्याला दिलेली ती दगडातली शिवी आहे. अलिबागजवळच्या आक्षीचा प्रसिद्ध शिलालेख अशाच दगडावर आहे. त्यावर शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ वाचले गेले आणि मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना झाली. म्हणजे आपल्या भाषेच्या पहिल्या काही वाक्यांतला एक मजकूर दानाचा आहे. हे मी मुद्दाम लिहितो आहे, पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता आपले दगड. पहिल्यांदा मी ते वही घेऊन मोजले तेव्हा अकरा भरले. सहांवर चित्र स्पष्ट होते, तिघांवर पुसट, दोघांवर काहीच नाही. चित्र सगळीकडे जवळजवळ तेच: घोडा, घोड्यावर माणूस, वर सूर्य आणि चंद्र. एका दगडावर घोड्यापुढे एक बाई उभी. चौकटी नाहीत, अप्सरा नाहीत, शिवलिंग नाही, कलश नाही. अक्षर तर एकही नाही. कोरणी उथळ आहे, छिन्नीपेक्षा हात मोकळा आहे. घोड्याचे पाय काठीसारखे आणि माणसाचे डोके गोल. वारली चित्र काढणाऱ्या घरात वाढलेल्याला तो हात ओळखीचा वाटावा असा.

म्हणजे हा एकसरचा वीरगळ नव्हता. राजाच्या पदरच्या पाथरवटाचे काम नव्हते. गधेगळ नव्हता. जुनापाणीसारखे वर्तुळही नव्हते, कारण दगड एका ओळीत, सगळ्यांची तोंडे उगवतीकडे. मग एक शंका आली की हे जव्हार संस्थानच्या हद्दीचे दगड असतील. पण हद्दीच्या दगडावर घोडेस्वार कशाला? आणि हद्द मसणवटीत कशाला?

इथे संस्थानाचे दोन शब्द सांगायला हवेत. शाळेत आपल्याला जव्हारचा इतिहास म्हणजे मुकणे घराण्याचा इतिहास एवढाच शिकवला गेला. जयबा मुकणे यांनी राज्य उभे केले. त्यांचे पुत्र नेमशाह यांना दिल्लीचा सुलतान मुहम्मद तुघलक याने राजा म्हणून मान्यता दिली तो दिवस ५ जून १३४३, आणि त्या दिवसापासून जव्हारचा स्वतंत्र शक सुरू झाला. शिवाजी महाराज सुरतेवर जाताना शिरपामाळावर उतरले आणि विक्रमशाह राजांनी त्यांचा सत्कार केला, ही परंपराही आपण दर सहलीत ऐकली. १९४८ साली संस्थान विलीन झाले, आपण ठाणे जिल्ह्यात गेलो आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आलो. हे सगळे आपल्याला पाठ आहे.

पण त्याच जुन्या गॅझेटियरात आणखी एक गोष्ट आहे. मुकण्यांच्या आधी, १२९४ पर्यंत, जव्हार एका वारली राजाच्या ताब्यात होते, असे तिथे म्हटले आहे. जयबांनी त्याच्याकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली. त्याने हो म्हटले. मग कातड्याची बारीक बारीक वादी कापून तिने जमीन वेढली आणि त्या वेढ्यात सगळे राज्य आले. ही गोष्ट जगात बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे कार्थेज शहरही असेच बैलाच्या कातड्याने मोजून घेतले, अशी तिथली दंतकथा आहे. म्हणून ती घडलेली घटना मानता येत नाही. पण आपल्या भागात ती पिढ्यान् पिढ्या का सांगितली जाते, हे मला आता कळते. जमीन कोणाची होती, कशी गेली आणि मोजणारा कोण होता, हा प्रश्न आपल्याकडे सातशे वर्षे जुना आहे.

दगडांचे उत्तर मात्र मला पुस्तकात मिळाले नाही. ते शिमग्याला मिळाले.

त्या वर्षी मी होळीला गावी होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा घेऊन मसणवटीत गेलो तर तिथे माणसे होती. पलीकडच्या पाड्यावरची तीन-चार घरे आली होती. हातात शेंदूर, नारळ, तांदूळ. एकेका घराने एकेका दगडाजवळ जाऊन तो धुतला, शेंदूर लावला, नारळ फोडला. सगळे दगड सगळ्यांचे नव्हते. ज्याचा त्याचा दगड ठरलेला होता. मी एका म्हाताऱ्या आजीला विचारले, "आजी, हे काय?" ती म्हणाली, "वीर हाय आमचा." मग बोटाने एकेक दाखवत तिने नावे घेतली. हा अमक्याचा आजा, हा तमक्याचा चुलता, ह्याला वाघाने नेला, हा झाडावरून पडला, हा भरल्या अंगाचा होता आणि लग्नाआधी गेला. घोडा कशाला, असे विचारल्यावर तिने माझ्याकडे असे पाहिले की मी शाळा शिकलो आहे यावर तिचा विश्वास बसेना. "पायी जाल का तेवढ्या लांब?" असे ती म्हणाली.

म्हणजे त्या मसणवटीत गूढ असे काही नव्हतेच. ज्यांचे दगड होते त्यांना ते सगळे ठाऊक होते. ज्यांनी विचारले नव्हते त्यांच्यासाठीच ते गूढ होते, आणि त्यांत आपण शाळेत जाणारी मुले पहिली.

नंतर मी याबद्दल वाचू लागलो. एस. सेट्टर आणि गुंथर सोन्थायमर यांनी १९८२ मध्ये संपादित केलेला स्मारकशिळांवरचा मोठा ग्रंथ आहे. त्यात देशभरातल्या अशा दगडांचा अभ्यास आहे. त्याआधी, १९७३ मध्ये, एबरहार्ड फिशर आणि हाकू शाह यांनी दक्षिण गुजरातेतल्या चौधरी, गामीत, वसावा या जमातींच्या मृत्युस्मारकांवर पुस्तक केले. लाकडाचे खांब आणि दगडाच्या शिळा, त्यांवर घोडेस्वार, सूर्य-चंद्र. ते वाचताना आपल्याच मसणवटीत फिरत असल्यासारखे वाटले. डांग, सुरगाणा, पेठ, मोखाडा, जव्हार ही डोंगरांची एकच माळ आहे. राज्याची हद्द मधून गेली ती माणसांनी नंतर आखली. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर यांची जत्रा-जागरणे तिच्या आधीची आहेत.

आणि लाकडाचे आपल्यालाही नवे नाही. वाघदेवाची सागवानी फळी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्यावर वाघ, नाग, सूर्य, चंद्र कोरलेले असतात आणि वाघबारशीला गुराखी तिची पूजा करतात. वाघदेव रानाच्या बाजूला, गावदेव गावाच्या बाजूला आणि वीर मसणवटीत. ज्याने त्याने आपली जागा धरलेली आहे. ही मांडणी कळली की गावाचा नकाशा कागदाशिवाय वाचता येतो. गाव कुठे संपते, गुरे कुठवर जात, मेलेले कुठे राहतात, जुनी वस्ती कुठून कुठे सरकली, हे सगळे या दगडा-लाकडांवर लिहिलेले आहे.

एकसरचा वीर कोण होता, हे आज कोणी सांगू शकत नाही. एवढे सुंदर कोरीव काम, पण नाव गेले, घर गेले. आपल्या दगडावर कोरणी साधी, अक्षर नाही, पण नाव टिकले आहे, कारण दरवर्षी कोणीतरी ते तोंडाने घेते. दोन्हींत कोणता दगड जास्त बोलका, हे ज्याने त्याने ठरवावे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येतो.

त्या शिमग्याच्या सकाळी आजी एकेक दगड दाखवत ओळीच्या शेवटाला गेली. तिथे दगड नव्हता. जमिनीत एक लांबट खळगा होता, गवताने भरलेला. मी मोजताना तो पाहिला होता आणि धनाच्या आशेने कोणी खणले असेल असे वहीत लिहून ठेवले होते. आजीने त्या खळग्याच्या काठावर तांदूळ टाकले, शेंदराचे बोट मातीला लावले आणि मला म्हणाली, "हा माझा आजेसासरा. कठं गेला कोणाला ठाव."

मला ठाव होते. आणि आपल्या बॅचच्या आठ जणांना ठाव आहे.

आपण नववीत होतो. २६ जानेवारीच्या आधी श्रमदान होते. जुन्या इमारतीच्या दाराशी पायरी नव्हती, पावसाळ्यात चिखल आत येई. सरांनी सांगितले, ओहोळातून चांगला सपाट दगड शोधून आणा. सर बाहेरगावचे, नुकतेच बदलून आलेले, त्यांना मसणवट कुठे आहे हेही माहीत नव्हते. ओहोळात सगळे गोटे. सपाट दगड कुठे आहे हे आपल्याला माहीत होते. आठ जण गेलो, पहारीने ढिला केला, वेलाच्या दोराने बांबूला बांधला आणि दुपारपर्यंत ओढत आणला. सुमारे चार फूट लांब, सव्वा फूट रुंद, पाच-सहा बोटे जाड. एका बाजूला घोडा होता. त्या बाजूला पाय अडखळेल म्हणून ती खाली केली आणि गुळगुळीत पाठ वर केली. सरांनी शाबासकी दिली. आपल्याला भीती वाटत होती, म्हणूनच आपण जास्त हसत होतो.

त्या पाड्यावरचा एक मुलगा आपल्या वर्गात होता. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, सगळ्यांना आठवेल. तो त्या दिवशी आपल्याबरोबर आला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत आला तेव्हा पायरीवर पाय न ठेवता बाजूने उडी मारून आत गेला. पुढे रोज तसाच जाई. आपण त्याला "उडी" म्हणू लागलो. आपल्याला वाटे त्याची ती खोड आहे. दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर त्याचे घर वीटभट्टीवर गेले ते पावसाळ्यातच परतले आणि त्याची शाळा सुटली. या मेळाव्याच्या यादीत त्याचे नाव नाही, कारण यादी दहावीचे फॉर्म भरलेल्यांची आहे.

आजी त्याची आई.

मी त्या दिवशी आजीला काही बोललो नाही. हिंमत झाली नाही. घरी आलो, वही उघडली आणि "धनाच्या आशेने खणले असावे" ही ओळ खोडली.

बोलावे लागले ते दोन वर्षांनी, आणि तेही कायद्यामुळे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वनहक्काचे दावे झाले आहेत, त्यामुळे फार समजावत नाही. २००६ च्या कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क आदिवासी कुटुंबाला मिळतो. पुरावा काय द्यायचा ते २००८ च्या नियमांत, नियम १३ मध्ये दिले आहे. त्यात सरकारी कागद आहेत, घरे-बांध आहेत, गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन आहे. आणि त्यात आणखी एक ओळ आहे, ती मला कोणीतरी दाखवीपर्यंत ठाऊक नव्हती: जुनेपण सिद्ध करणाऱ्या पारंपरिक गोष्टी, म्हणजे विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने. असे एकापेक्षा जास्त पुरावे ग्रामसभेने विचारात घ्यायचे असतात.

म्हणजे मसणवटीतला वीर कागद आहे. ज्यांच्या घरी कागद कधी आलाच नाही त्यांचा सातबारा तो आहे. झारखंडातल्या मुंडांना हे फार पूर्वी कळले होते. त्यांच्या गावोगावी ससनदिरी असतात, कुळाच्या पूर्वजांच्या हाडांवर ठेवलेल्या शिळा. इंग्रजी अमदानीत जमिनी जाऊ लागल्या तेव्हा मुंडा सरदार यातल्या काही शिळा पुरावा म्हणून थेट कोलकात्यापर्यंत वाहून घेऊन गेले, असे सांगतात. आक्षीच्या गधेगळावर दान कोरले आहे. मुंडांच्या शिळेवर काही कोरलेले नाही, पण तिचे म्हणणे तेच: इथे आमची माणसे आहेत.

त्या पाड्यावरच्या घरांचे दावे पुन्हा नीट करायचे ठरले, तेव्हा मसणवटीचा आणि वीरांचा पंचनामा करायला मला बोलावले, कारण माझ्याकडे फोटो आणि वही होती. प्रत्येक दगड, त्याचे मोजमाप, त्याचे घर, असा तक्ता केला. अकरा दगडांपुढे अकरा घरे आली. बाराव्या ओळीत काय लिहायचे? खळग्याची लांबी लिहिली. मग समितीतल्या एकाने विचारले, "दगड नाही तर कशावरून?" आजी समोर बसली होती. तिचा मुलगा, आपला "उडी", तिच्या शेजारी बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिले. तो इतकी वर्षे गप्प होता आणि त्याही दिवशी गप्पच राहिला असता.

मी उभा राहून सांगितले. दगड कुठे आहे, कोणी नेला, कोणती बाजू खाली आहे. त्या आठांत मी होतो, हेही. सभेत थोडा वेळ कोणी बोलले नाही. आजीने एवढेच विचारले, "मग त्याच्यावर पाय देत होता काय रे सगळी?" आणि मी हो म्हणालो. ती रागावली नाही. ती म्हणाली, "पोरांचेच पाय होते. पण आता आणा त्याला."

तर मित्रमैत्रिणींनो, ती पायरी अजून तिथेच आहे. जुन्या इमारतीत आता वर्ग भरत नाहीत, छप्पर काढून टाकले आहे. पण दाराची चौकट आणि पायरी शाबूत आहे. मी गेल्या महिन्यात जाऊन पाहिले. आपल्या किती बॅचच्या पायांनी ती मधोमध झिजली आहे. खालची बाजू मात्र तेव्हापासून उजेडात आलेली नाही, त्यामुळे घोडा आणि सूर्य-चंद्र आपण ठेवले तसेच असणार. पाऊस, शेवाळ, गुरांच्या अंगाचे घासणे यांनी बाकीचे अकरा पुसट होत गेले. आपल्या चुकीने हा एक तेवढा झाकून राहिला. त्यात आपली काही फुशारकी नाही.

शाळेची परवानगी घेतली आहे. पाड्यावरच्या भगताने दिवस दिला आहे आणि योगायोगाने तो आपल्या मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी येतो. सकाळी सात वाजता जुन्या इमारतीपाशी जमायचे. भगत सांगेल तसे करायचे, फोटो आधी विचारून काढायचे. दगड उचलल्यावर पहिल्यांदा आजी पाहील, मग बाकीचे. मग तो त्याच पायवाटेने, त्याच ओहोळातून न्यायचा आणि त्याच खळग्यात, तोंड उगवतीला करून, उभा करायचा. नारळ, शेंदूर, तांदूळ ते लोक आणणार आहेत. पहार, दोर आणि दोन मजबूत बांबू आपण आणायचे आहेत. दाराशी नवी पायरी बसवून देण्याची जबाबदारीही आपली आहे. तिच्यासाठी दगड मी खाणीतून विकत आणून ठेवला आहे.

त्या आठांपैकी दोघे आता नाहीत. एक सुरतेला आहे, तो येतो म्हणाला आहे. बाकीच्यांनी हा लेख वाचल्यावर मला फोन करावा. लाज वाटून कोणी मागे राहू नये. मलाही वाटत होती. आणि जे त्या दिवशी नव्हते त्यांनीही यावे. तेव्हा आठ पोरांनी दगड आणला होता, आता आपण सगळे पन्नाशीच्या पुढे आहोत, न्यायला सोळा जण तरी लागतील.

मेळाव्याच्या यादीत एक नाव वाढवायचे आहे, हे संपादक मंडळाला मी कळवले आहे. फॉर्म भरला नव्हता तरी तो आपल्याच वर्गात होता. त्याला निमंत्रण द्यायला मी स्वतः गेलो होतो. येणार का, असे विचारले. तो म्हणाला, "पायरी काढल्यावर येतो."